लाल पुस्तकाच्या बाजूने

१ मार्च, शनिवार. दुपारी.

“हे मशीन नाहीये रे, आत कोणीतरी बसून रडतंय.” कॉलेजच्या पहिल्या वर्षी, हॉस्टेलच्या खोलीत, कुणाकडून तरी मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर टेपवाल्या बाईंची ती रचना पहिल्यांदा ऐकताना माझा मित्र फ्यूज असं म्हणाला होता. हा माणूस पुढे निळ्या पुस्तकाच्या बाजूने जाणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मुद्दे लिहून काढतो. लिहिलं की डोकं स्वच्छ राहतं.

टेपवाल्या बाई म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू करणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी एक. रेडिओ स्टेशनच्या तळघरात बसून, टेपचे तुकडे ब्लेडने कापून, चिकटवून त्या संगीत करायच्या. त्यांच्यावर दोन पुस्तकं आहेत. लाल पुस्तक: सहाशे पानं, सर्किटच्या आकृत्या, तळटीपा, तळटीपांच्या तळटीपा. निळं पुस्तक: जेमतेम शंभर पानं, बाईंच्या भाचीने लिहिलेलं. त्यात कुठला आवाज कसा होता याची वर्णनं आहेत. आवाजाची वर्णनं! म्हणजे उन्हाचा फोटो भिंतीला लावायचा आणि त्याच्यापुढे कपडे वाळत घालायचे.

फ्यूज गेले काही महिने त्या निळ्या पुस्तकाला चिकटून बसला आहे. खिशात घेऊन फिरतो. आज आमच्या श्रवण मंडळात पुन्हा तोच वाद. (मंडळ म्हणजे मी, फ्यूज, त्याची मोठी बहीण ताई आणि रिटायर्ड प्राध्यापक. जागा: फ्यूजच्या अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. वर ताई आणि तो राहतात.) प्राध्यापकांचं मत दरवेळी एकच, की दोन्ही पुस्तकांना आपापली जागा आहे. अशी माणसं इतिहास घडवत नाहीत.

संकल्प: लाल पुस्तक पुन्हा एकदा मुळापासून वाचायचं. रोज पन्नास पानं. पुन्हा एकदा म्हणजे पहिली चार प्रकरणं पुन्हा, बाकीची पहिल्यांदा. पण या पुस्तकाची दिशा चौथ्या प्रकरणातच कळते.

३ मार्च, सोमवार.

लाल पुस्तक: चार पानं. आकृत्या मोठ्या होत्या.

दवाखान्यात गर्दी. माझं काम बाहेरून सोपं वाटतं. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं. शिट्टी ऐकू आली की दाबा, म्हणायचं. मग एकेक शिट्टी बारीक बारीक करत न्यायची. खरी गंमत वेगळीच आहे. माणसं लबाडी करतात. ऐकू येत नसलं की काचेतून माझ्या तोंडाकडे बघतात आणि अंदाजाने बटण दाबतात. आजच्या आजीबाई तर माझ्या भुवईवर नजर ठेवून होत्या. म्हणून मी तिरका बसतो आणि चेहरा दगडासारखा ठेवतो. डॉक्टरबाई म्हणतात, तुमच्याइतका कोरा चेहरा या इमारतीत दुसरा नाही. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी.

आज मोठा विजय आणि लगेच मोठा दगा.

वाद रेघेवरून. त्या रचनेच्या शेवटी एक बारीक, उंच आवाज येतो. आम्ही त्याला रेघ म्हणतो. निळं पुस्तक म्हणतं, ती बाईंनी मुद्दाम घातली. रचना संपायच्या जरा आधी ती तुटते, खोलीतून कुणी न सांगता उठून जावं तशी. लाल पुस्तक म्हणतं, तो यंत्राचा दोष आहे, संगीत संपल्यावरही घरंगळत राहतो. मी म्हटलं, मग रेकॉर्ड लाव आणि सोक्षमोक्ष कर. फ्यूज म्हणाला, सुई गेलीय. गेल्या वेळी बेल्ट गेला होता. त्याआधी मूड. श्रवण मंडळात श्रवण होऊन किती महिने झाले, असं मी विचारलं, तर प्राध्यापक म्हणाले की शांततेलाही आपली जागा असते.

मग मी फ्यूजच्या शेजारून, अगदी हळू आवाजात विचारलं, की निळं पुस्तक फालतू आहे हे तुला आता तरी मान्य आहे ना? तो म्हणाला, हां हां. मी ताईंकडे विजयाने पाहिलं. त्या चहाच्या कपात बघत होत्या. आणि पाच मिनिटांत हा पठ्ठ्या पुन्हा निळ्या पुस्तकाची बाजू घेऊन भांडायला उभा! मी म्हटलं, अरे, आत्ता हां म्हणालास ना? तर म्हणे, मी कधी? असा दुटप्पीपणा तीस वर्षांत पाहिला नव्हता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, भावजींना ऐकू येत नाहीये.

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, परवा दुकानात त्यांच्या मागे उभी राहून दोनदा हाक मारली, वळले नाहीत. दाराची घंटी वाजते तेव्हा मान वर करत नाहीत. समोरून बोललं तरच कळतं त्यांना. मी म्हटलं, याला एकाग्रता म्हणतात. मी रोज लोकांचे कान तपासतो, तू दातांचे साचे करतेस. मी कधी तुला कुणाची दाढ किडलीय हे सांगायला आलोय? ती म्हणाली, आलायस. माझीच. आणि चुकीची सांगितलीस.

लाल पुस्तक: वाचायला मनःस्थिती नव्हती.

११ मार्च, मंगळवार.

संधी चालून आली! लायब्ररीच्या ग्रंथपाल बाईंचा फोन. संगीताच्या कपाटात आता जागा नाही, टेपवाल्या बाईंवरचं एकच पुस्तक ठेवणार, दुसरं गोदामात. कुठलं ते वाचकांनी ठरवायचं. एकोणतीस तारखेला संध्याकाळी हॉलमध्ये जाहीर सामना. लालच्या बाजूने एक वक्ता, निळ्याच्या बाजूने एक, मग हात वर करून मतदान. मी ताबडतोब हो म्हटलं. फ्यूजला फोन केला, उचलला नाही. हल्ली उचलतच नाही, मेसेज कर म्हणतो. माज. मेसेज केला. उत्तर आलं: “ये मैदानात, लेका.”

नवा संकल्प: रोज पंच्याहत्तर पानं.

१५ मार्च, शनिवार.

मंडळात जाण्याआधी दुकानात डोकावलो. एक गिऱ्हाईक दुरुस्त करून नेलेला अ‍ॅम्प्लिफायर परत घेऊन आलं होतं. म्हणत होतं, कानात टाचण्या टोचल्यासारखं वाजतं. ताई म्हणाल्या, या महिन्यातलं हे दुसरं. फ्यूजने बटणं फिरवून पाहिली आणि म्हणाला, लोकांचे कान बिघडलेत. मीही ऐकलं. खरंच, पत्र्यावर खिळा ओढावा तसं. तसं सांगितलं. तर म्हणाला, तू लालवाला आहेस, तुला माझं काहीच गोड लागणार नाही. मी त्याला माफ केलं. मोठ्या मनाने वागायचं, असं ठरवलं आहे.

निघताना ताईंनी जिन्यापाशी गाठलं. म्हणाल्या, वर टीव्ही लावतो तर भिंत हलते रे. गिऱ्हाइकं कमी झालीत. सगळं दुकान त्याच्या कानावर चालतं, कान गेले तर दुकान गेलंच म्हणायचं. तू त्याला एकदा तुझ्या त्या काचेच्या खोलीत ने. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

मी त्यांना समजावलं. सामन्याच्या तोंडावर मी त्याला कान तपासायला बोलावलं तर लोक काय म्हणतील? प्रतिस्पर्ध्याचं खच्चीकरण. एकोणतीस तारीख होऊन जाऊ दे. शिवाय ताई, आमच्या वयात सगळ्यांचाच टीव्ही जरा मोठा असतो. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. पटलं असावं.

१८ मार्च, मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत.

कल्पना सुचली!! आजवरची सर्वात मोठी.

लाल पुस्तकाच्या सूचीत ‘दोष’ हा शब्द शोधून थेट रेघेच्या पानावर पोचलो. (या पुस्तकाची सूची हे स्वतंत्र वाङ्मय आहे. सूची नीट वाचली की मधल्या पानांची आठवण ताजी होते.) भाषणं सगळेच करतात. मी प्रयोग करणार. हॉलमधल्या स्पीकरवर रचनेचा शेवट लावायचा आणि फ्यूजला सगळ्यांसमोर सांगायचं: रेघ सुरू झाली की हात वर कर, तुटली की खाली. हात खाली येईल तेव्हा संगीत चालू असेल तर निळं खरं, संपलेलं असेल तर लाल. विज्ञानापुढे भाची काय करणार?

रात्री. जेवताना बायकोला सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, असं करू नकोस. मी विचारलं, का? ती म्हणाली, तुला माहीत आहे.

मला काही माहीत नव्हतं. इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मला काहीही माहीत नव्हतं.

२२ मार्च, शनिवार.

सामन्याच्या तयारीसाठी मंडळाला सुट्टी. सकाळी फ्यूजचा मेसेज: “लाल पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात काय आहे, सांग बरं.” खवचट. मी उत्तर दिलं की असा प्रश्न विचारण्यातच तुझी वृत्ती दिसते. मग नववं प्रकरण उघडून पाहिलं. अख्ख्या प्रकरणात एकच वाक्य, बाकी आकृत्या. आता कळवलं तर उशीर झाल्यासारखं दिसेल, म्हणून सोडून दिलं.

नंतर त्याचा अजून एक मेसेज आला. सामना झाला की दोघं कुठेतरी जेवायला जाऊ, कोणीही जिंको. मी अंगठा पाठवला.

लाल पुस्तक: सूचीतली ‘फ’पर्यंतची नोंद.

२८ मार्च, शुक्रवार.

आरशासमोर भाषण दोनदा. हाताच्या हालचाली उत्तम. करड्या शर्टाची इस्त्री झाली. फाईल फोनमध्ये घेतली, तीनदा ऐकली. रेघ स्पष्ट आहे. लहान पोरालाही ऐकू येईल.

बायको बोलत नाही. मी विचारलं, उद्या येणार ना? म्हणाली, येईन, भावजींसाठी.

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळी.

झालं. लाल जिंकलं. सविस्तर उद्या.

३० मार्च, रविवार.

घटना क्रमाने लिहितो.

फ्यूज आधी बोलला. खरं सांगायचं तर बरा बोलला. मुद्दे नव्हते. निळ्या पुस्तकातलं एक पान त्याने नुसतं वाचलं. दूरच्या घरात कुणीतरी किटली विसरलंय, ती वाजत राहते, इथे कुणी उठत नाही, असं काहीतरी. वाचताना पुस्तकाकडे बघतच नव्हता, पाठच होतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला. मला जरा काळजी वाटली.

मग माझं भाषण. हालचाली ठरल्याप्रमाणे. मग प्रयोग जाहीर केला. फ्यूजला नियम समजावला. समोर उभा राहून, ओठ स्पष्ट हलवून समजावला, म्हणजे त्याला सगळं कळलं होतं, याची नोंद असावी. तो एक क्षण थांबला. नको म्हणेल असं वाटलं. पण एवढ्या लोकांत कोण नको म्हणेल? हसला आणि पुढे येऊन उभा राहिला.

मी फाईल लावली.

रेघ सुरू झाली. हॉलभर ऐकू आली. मागे कुणीतरी हलकेच ‘आली’ म्हणालं. फ्यूजचा हात खालीच.

हा त्याचा संयम असेल, असं मला वाटलं. तो हसतमुख उभा. मग त्याने प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापक बूट बघत होते. मग ग्रंथपाल बाईंकडे. मग बायकोकडे. तिने डोळे मिटून घेतले होते. शेवटी माझ्याकडे पाहिलं.

कानांकडे नाही, भाषणाच्या कागदाकडे नाही. तोंडाकडे. भुवईकडे.

आणि माझा चेहरा कोरा नव्हता.

त्याने हात वर केला. तोवर रेघ तुटली होती. संगीतही संपलं होतं. हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता आणि फ्यूज हात वर करून उभा. कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. वाईट हेतूने नाही, लोकांना वाटलं गंमत चालू आहे. फ्यूजही हसला. हात मात्र त्याने खाली घेतला नाही. मीच जाऊन तो खाली घ्यायला हवा होता बहुतेक. माझ्या हातात फोन होता.

मतदान झालं. लालला बहुमत.

कारणमीमांसा: एक, हॉलमधले स्पीकर फार उंचावर आहेत. दोन, पंखे. तीन, फ्यूज उभा होता तिथे खांबामुळे

सोडा.

जेवायला गेलो नाही. तो दिसलाच नाही नंतर.

३१ मार्च, सोमवार.

पहिलाच पेशंट, एक आजोबा. हेडफोन घातल्या घातल्या काचेतून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. रोजचंच. मी तिरका बसलो. दुसरी शिट्टी दिली आणि पुढची देता येईना. डॉक्टरबाई आल्या, म्हणाल्या, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, मशीनमध्ये काहीतरी दोष आहे. त्यांनी बसून पाहिलं. मशीन ठणठणीत होतं.

२ एप्रिल, बुधवार.

कृती हवी. लायब्ररीत गेलो. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, लाल गोदामात टाका, निळं कपाटात ठेवा. त्या म्हणाल्या, मतदान झालंय. मी म्हटलं, मी माझं मत बदलतो. त्या म्हणाल्या, तुमचं एकट्याचं मत बदलून काय होणार? बाकीच्यांचं तुम्हीच बदललंत ना? मग म्हटलं, निदान निळं मला घरी वाचायला द्या. म्हणाल्या, गोदामातली पुस्तकं देत नाही, नियम आहे. लाल हवं तर घेऊन जा, सहा महिन्यांत कुणी मागितलेलं नाही.

मीच घेऊन आलो. माझ्याकडे एक प्रत आहेच. आता दोन झाल्या.

तिथून दुकानात. शटर अर्धं खाली. ताई बाहेर होत्या. आलेले अ‍ॅम्प्लिफायर फ्यूजने न उघडता परत पाठवलेत, म्हणाल्या. मी वर जाऊ का, विचारलं. त्या म्हणाल्या, दार वाजवशील तर त्याला ऐकू येणार नाही, आणि मी सांगितलं तर उघडणार नाही.

मग म्हणाल्या, तुला त्या दिवशी एवढंच सांगितलं होतं रे. यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, काहीतरी उत्तर देता आलं असतं.

५ एप्रिल, शनिवार.

मंडळाच्या वेळेला गेलो. शटर पूर्ण खाली. फुटपाथवर प्राध्यापक उभे होते, छत्री टेकून. मंडळाचे निम्मे सभासद हजर होते, म्हणजे कोरम होता.

मी प्राध्यापकांना स्पीकरच्या उंचीबद्दल सांगायला लागलो. त्यांनी मध्येच तोडलं. म्हणाले, अहो, त्याला ऐकू येत नाही हे आम्हाला थंडीपासून माहीत होतं. म्हणून तर रेकॉर्ड लाव असा आग्रह कुणी करत नव्हतं. पुस्तकांवर भांडायला लागलो आपण, ते त्याच्यासाठीच. भांडण त्याला ऐकू यायचं. सगळे समोरासमोर, मोठ्याने बोलायचे. आणि जे आता ऐकू येत नाही ते त्या निळ्या पुस्तकात लिहिलेलं आहे, म्हणून तो ते खिशात ठेवायचा.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत?

प्राध्यापक म्हणाले, तुम्ही तर कानांचे. आम्हाला वाटलं, तुम्हाला सगळ्यांत आधी कळलं असेल. तुम्ही कळून न कळल्यासारखं दाखवता, त्याचा मान राखता, असं आम्ही आपसांत म्हणायचो. कौतुक करायचो तुमचं.

दोन्ही पुस्तकांना आपापली जागा आहे, असं ते आज म्हणाले नाहीत.

६ एप्रिल, रविवार. सकाळी.

फ्यूजला मेसेज लिहायला बसलो. पहिला मसुदा: आमच्या दवाखान्यातल्या मशीनची माहिती, हल्ली यंत्रं किती छोटी असतात, कानात घातलेलं दिसतसुद्धा नाही, पहिली तपासणी माझ्यातर्फे. बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, हा पाठवलास तर मीच तुझ्याशी बोलणार नाही.

दुसरा मसुदा: सामन्यातल्या प्रयोगात पद्धतीच्या दृष्टीने काही त्रुटी राहिल्या. तो तिने मोबाईल हातात घेऊन पुसूनच टाकला. म्हणाली, तुला नक्की काय हवंय ते लिही. मी म्हटलं, तो तपासायला आला पाहिजे. त्याचं दुकान राहिलं पाहिजे. ती म्हणाली, ते त्याचं झालं. तुला काय हवंय?

ती साच्यांचं पीठ कालवायला आत निघून गेली. रविवारीसुद्धा कुणाचे तरी दात अडलेले असतात.

दुपारी.

लिहिला. तिला दाखवला नाही. सामन्यानंतर पाठवलेले चार मेसेज त्याने उघडून वाचलेत, उत्तर एकाचंही नाही. याचं आलंच तर ‘नाही’ असंच येईल, आणि त्याच्या जागी मी असतो तर तेवढंही कळवलं नसतं. तरी पाठवला. शब्द इथे उतरवून ठेवतो:

“फ्यूज, तपासणी नाही. काचेची खोली नाही, बटण नाही. शनिवारी मागच्या खोलीत ती रेकॉर्ड लाव. मी शेजारी बसेन, समोर नाही. रेघ सुरू झाली की तुझ्या मनगटावर बोट ठेवीन, तुटली की उचलीन. ती कुठे तुटते ते मला एकट्याला कळून काही उपयोग नाही. पुस्तकांबद्दल एक अक्षर बोलणार नाही. येऊ का?”